अडतंय कुठं?

नवी वस्तू घरात आली की माणूस पहिले दोन दिवस तिच्याकडे कौतुकाने बघतो आणि तिसऱ्या दिवसापासून संशयाने. मिक्सरपासून जावयापर्यंत हा नियम मी लागू पडताना पाहिला आहे. पण आमच्या पुतण्याने आणलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या नशिबी ते कौतुकाचे दोन दिवससुद्धा नव्हते. दुपारी चारला ते संगणकात बसलं आणि पाचला त्याच्यावर आरोपपत्र तयार झालं.

पुतण्याचं शिरोली एमआयडीसीत छोटंसं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी, वडिलांच्या वेळचा एक लेथ, सहा माणसं आणि एक काचेची केबिन. मालक आत काम करतोय हे कामगारांना दिसावं म्हणून केबिनला काच, आणि तो नेमकं कोणतं काम करतोय हे दिसू नये म्हणून संगणकाची पाठ काचेकडे. मी याच एमआयडीसीतल्या एका ओतशाळेत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालो. हल्ली पुतण्याच्या शॉपवर ‘देखरेख’ करायला जातो. देखरेख म्हणजे दोन चहा आणि ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारी निदान तीन वाक्यं.

कार्डाची किंमत पस्तीस हजार. वहीत खर्च पडला ‘डिझाईनसाठी’. त्याच्या शॉपवरचं डिझाईन मी पाहिलेलं आहे. एक गोल फ्लँज आणि त्याला आठ भोकं. आठ भोकं पाडायला पस्तीस हजारांचं कार्ड लागतं यावर प्राप्तिकर खात्याचा विश्वास बसेल, काकाचा बसत नाही. संध्याकाळी सहाला शॉप बंद झालं की त्याच पडद्यावर मोटारींची शर्यत सुरू होते, हे मला ठाऊक आहे. पण मी बोललो नाही. त्याच्या वयाचा असताना मीही ‘ओव्हरटाइम आहे’ असं घरी सांगून सिनेमे पाहिलेले आहेत.

आता या शर्यतीचं गणित थोडं सांगायला हवं. पडद्यावर मोटार पळते म्हणजे काय, तर एकामागून एक चित्रं झरझर बदलतात. सिनेमात ती सेकंदाला चोवीस असतात. या खेळांत साठ तरी हवीत, नाहीतर पोरांना मोटार अडखळल्यासारखी वाटते. चित्र तयार करायला आत दोघं राबतात. एक प्रोसेसर. गाडी कुठं आहे, वळण किती, कोण कुणाला धडकलं, हा सगळा हिशेब तो करतो. दुसरं हे ग्राफिक्स कार्ड. तो हिशेब घेऊन ते चित्र रंगवतं. एक मुनीम, एक रंगारी. पुतण्याचा रंगारी म्हातारा झाला होता. एका चित्राला बावीस मिलिसेकंद घ्यायचा, म्हणजे सेकंदाला पंचेचाळीस चित्रं. नवा रंगारी नऊ मिलिसेकंदांत चित्र पुरं करतो. तेव्हा सेकंदाला शंभराच्या वर चित्रं निघणार, असा पोराचा हिशेब.

निघाली पन्नास.

“पाच चित्रं वाढली काका,” पुतण्या म्हणाला. आवाज बुडीत बँकेच्या ठेवीदाराचा. मी मनातल्या मनात भागाकार केला. चित्रामागे सात हजार रुपये पडले. रंकाळ्यावर बसून चित्रकाराकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं असतं तरी याहून स्वस्त पडलं असतं.

त्यानंतर कोल्हापूरच्या रीतीप्रमाणे तज्ज्ञ गोळा झाले. उद्यमनगरातला एक मित्र म्हणाला, पडद्याची वायर कार्डाला न लावता चुकून मदरबोर्डाला लावली असशील. हा प्रकार फार ठिकाणी होतो म्हणे. कार्ड आत नुसतं बसून राहतं आणि काम प्रोसेसरच्या पोटातलं जुनं चित्रयंत्रच ओढतं. म्हणजे नवा ट्रॅक्टर दारात उभा आणि नांगराला बैलच. पण वायर जागच्या जागी होती. दुसऱ्याचं मत, वीजपुरवठ्याचा डबा कमी वॅटचा असेल. बघितलं, डबा पुरेसा होता. तिसरा म्हणाला, जुन्या कार्डाचा ड्रायव्हर आत राहिला असेल. जुन्याचे अवशेष घरात राहिले की ते नव्याला सुखाने नांदू देत नाहीत, हे मात्र मला लगेच पटलं. तेही पुसून झालं. दुकानदाराने फोनवर सांगितलं, “कार्डात काय पण प्रॉब्लेम नाही.” दुकानदार हे वाक्य फोन उचलायच्या आधीपासून म्हणत असतात.

पुतण्याचा निकाल मात्र लागून गेला होता. “कार्डच बोगस हाय काका. परत देतो.”

तेवढ्यात व्हीएमसीवरचा पोरगा चहा घेऊन आत आला. या पोराला पगार सगळ्यात कमी, म्हणून त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, “दादा, कोण किती काम करतंय ते बघा की आधी.” संगणकात तशी सोय असते. कोण किती टक्के राबतोय त्याच्या रेघा पडद्यावर दिसतात. खेळ चालू ठेवून पुतण्याने त्या रेघा उघडल्या. कार्ड चव्वेचाळीस टक्के. प्रोसेसर शंभर टक्के, चारही कोअर छताला टेकलेले. आणि तपमान सत्त्याण्णव डिग्री.

नव्या रंगाऱ्याचा काही दोष नव्हता. नऊ मिलिसेकंदांत चित्र रंगवून तो बिचारा ब्रश धुऊन बसत होता, कारण मुनिमाला एका चित्राचा हिशेब करायला वीस मिलिसेकंद लागत होते. वीस मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला पन्नास. रंगारी कितीही चपळ आणा, पन्नासच्या वर एक चित्र निघणार नव्हतं.

“म्हंजे प्रोसेसर आळशी,” पुतण्या म्हणाला. आरोपपत्र तेच, फक्त आरोपी बदलला.

इथं मी चहाचा कप खाली ठेवला. एरवी मी असं करत नाही.

अरे, ज्याची रेघ शंभराला टेकली आहे तो आळशी कसा? चव्वेचाळीसवाला आळशी म्हण हवं तर. सगळ्यांना अडवतोय म्हणून ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो, तोच त्या घरात सगळ्यात जास्त राबत असतो, आणि ज्यांना वाट बघायला वेळ आहे ते चपळ ठरतात. घरोघरी हेच असतं. मागे मी आठ जणांचं जेवणाचं टेबल आणलं. सगळे एकदम बसतील, जेवणं लवकर आटपतील, असा हेतू. पहिल्याच रात्री आठ जण ताटावर बसून राहिलो आणि मी आत ओरडून विचारलं, “भाकरीला एवढा उशीर का?” आतून उत्तर आलं, “टेबल आठ जणांचं आणलंत. तवा एकच आहे, आणि हातही दोनच आहेत.” टेबलावरचे सात जण माझ्याकडे बघत होते. त्यांतला कुणीही उठून आत गेला नाही. मीही नाही.

पण मी कप खाली ठेवला तो भाकरीच्या आठवणीने नव्हे.

संगणकाचं झाकण उघडलं तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या जाळीत काळी वाकळ बसलेली निघाली. शेजारी ओतशाळा आहे. वाळू, कोळशाची पूड आणि लोखंडाचा कीस यांचं ते मिश्रण मी डोळे मिटून वासावरून ओळखीन. चौतीस वर्षं मी ते नाकाने आणि फुप्फुसाने गोळा केलं आहे. हवा जायला वाटच नव्हती. अशा वेळी प्रोसेसर जळून जाऊ नये म्हणून आपली चाल आपणच कमी करतो. त्याला रजेचा अर्ज देता येत नाही, युनियन नाही. जगायचं तर हळू चालायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. गंमत अशी की आमच्या ओतशाळेतला कोअर वाळूचा आणि यांच्या कोअरमधलं सिलिकॉनही मूळ वाळूतलंच. शेवटी वाळूनेच वाळूचा गळा धरला होता.

पुतण्या पेंटिंगचा ब्रश घेऊन जाळी झाडायला बसला आणि मी त्याला १९८९ सालची गोष्ट सांगितली. ‘आमच्या वेळी’ अशीच सुरुवात केली, पण या वेळी त्याने घड्याळाकडे बघितलं नाही.

तेव्हा आमच्या ओतशाळेत हाताने वाळू ठोकून साचे भरायचे. पाळीला एकशेवीस बॉक्स. मालकांनी मोठं कर्ज काढून मोल्डिंग मशीन आणलं. पाळीला दोनशे बॉक्स भरायची त्याची ताकद. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि मला सुपरवायझर केलं. महिन्याने बघतो तर माल निघतोय एकशेतीस बॉक्सांचा. उरलेले सत्तर साचे जमिनीवर लोखंडाची वाट बघत वाळायचे, कडा ढासळायच्या, मोडून पुन्हा भरायचे. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “एवढं मशीन आणलं, अडतंय कुठं?”

या प्रश्नाची दोन उत्तरं असतात. एक शोधून काढावं लागतं, दुसरं जवळ तयार असतं. मी तयार असलेलं दिलं. “क्युपोलावरचे मामा जरा ढिले आहेत साहेब.”

क्युपोला म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी. वरून कोक, चुनखडी आणि लोखंडाचे तुकडे टाकायचे, खालून ब्लोअरने हवा मारायची, आणि पातळ झालेलं लोखंड बुडातून काढायचं. तिच्या पोटाचा व्यास जेवढा, त्या मानानेच तासाला लोखंड मिळतं. आमच्या भट्टीचं पोट एकशेतीस बॉक्सांचं होतं. मामा बारा वर्षं त्या धगीसमोर उभे होते. मी त्यांना घाई करायला गेलो तेव्हा ते म्हणाले होते, “सायेब, लोखंड पातळ व्हायला येळ लागतुय तेवढा लागतुयच. त्येला तुमचं नवं मशीन आलंय हे कुणी सांगिटलंय?” हे मला उद्धट वाटलं. खरं तर त्या वर्षी आमच्या ओतशाळेत कुणीही बोललेलं ते सगळ्यात शास्त्रीय वाक्य होतं.

मामांना फेटलिंगला टाकलं. तिथं कास्टिंगच्या कडा छिन्नीने आणि ग्राइंडरने साफ करायच्या. भट्टीवर एक तरणाबांड पोरगा आला. त्याने ब्लोअर सताड उघडला. हवा प्रमाणाबाहेर गेली की भट्टी गार पडते आणि लोखंड जळतं. तसंच झालं. गार लोखंड साच्यात दोन बाजूंनी येऊन मधे भेटेना, कास्टिंगला भेगा दिसायला लागल्या. त्याला आम्ही कोल्ड शट म्हणतो. माल वाढला नाहीच, भंगार वाढलं. सहा महिन्यांनी मालकांनी मोठ्या पोटाची भट्टी बसवली, आणि मग बॉक्स दोनशेच्या आसपास गेले. मोठी भट्टी हवी हे कुणाच्या लक्षात आलं म्हणून मालकांनी विचारलं, तेव्हा मी खाली बघून नम्रपणे हसलो. मला बढती मिळाली.

निवृत्तीनंतर मी ‘द गोल’ नावाची कादंबरी वाचली. एलियाहू गोल्डरॅट नावाच्या इस्रायली शास्त्रज्ञाने १९८४ साली कारखान्यावर लिहिलेली. तिच्यात शाळकरी पोरांची एक पायी सहल आहे. एक जाडा पोरगा हळू चालतो, त्याच्यामुळे सगळी रांग रखडते. आधी सगळे त्याच्यावर वैतागतात. मग त्याची पाठपिशवी उघडून बघतात तर ती भलतीच जड. ओझं बाकीचे वाटून घेतात आणि रांग चालायला लागते. सगळ्या साखळीचा वेग तिच्या सगळ्यात अडलेल्या कडीइतकाच असतो, हा त्या पुस्तकाचा सिद्धांत. आम्हा शिरोलीकरांना तो पंचगंगेनेही शिकवला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये इथं हायवेवर पुराचं पाणी आलं. पुण्यापासून बंगळूरपर्यंत रस्ता केवढाही रुंद असो, त्या दिवसांत त्याचा वेग शिरोलीच्या पाण्याइतकाच होता, म्हणजे शून्य. ट्रकांची रांग लागली होती, पण एकाही ड्रायव्हरने ‘शिरोली आळशी आहे’ असं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पाणी अडवतं तेव्हा आपण कारण शोधतो. माणूस अडवतो तेव्हा आपण त्याचा स्वभाव शोधतो.

पुतण्या ब्रश हातात धरून ऐकत होता. म्हणाला, “मग मोठी भट्टी आल्यावर मामास्नी परत का नाही घेतलं वर?”

सोपा प्रश्न होता. पस्तीस वर्षांत मी तो स्वतःला एकदाही विचारला नव्हता. परत घेतलं असतं तर का घेतलं ते सांगावं लागलं असतं. ‘मामांची चूक नव्हती’ असं म्हटलं की ‘मग कुणाची होती?’ हे ओघाने आलंच. फेटलिंग खातं माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होतं. मामा तिथं निवृत्त होईपर्यंत, आठ वर्षं, छिन्नी मारत होते. मी रोज त्यांना ‘काय मामा, बरं आहे का?’ असं विचारायचो. याला मी माणुसकी समजत होतो.

“राहून गेलं,” मी म्हणालो. मराठीत सगळ्यात जास्त पापं ‘राहून गेलं’ या दोन शब्दांखाली पुरलेली आहेत.

संगणक झाडून झाला. प्रोसेसरवर थर्मल पेस्टचं दोनशे रुपयांचं नवं बोट लावलं, झाकण बसवलं, खेळ सुरू केला. तपमान बहात्तर. हिशेबाचा वेळ वीसवरून तेरा मिलिसेकंदांवर आला आणि आकडा सत्त्याहत्तरवर गेला. पस्तीस हजारांनी पाच चित्रं वाढवली होती, ब्रशने आणि दोनशे रुपयांनी सत्तावीस. पुतण्याने चहावाल्या पोराला शंभराची नोट दिली. हे पाहून मला बरं वाटलं. आमच्या घराण्यात तेवढी सुधारणा झाली म्हणायची.

पण सुख टिकतं थोडंच? पाच मिनिटांत तोच पोरगा म्हणाला, “दादा, सत्त्याहत्तर निघत्यात खरं, पण तुमचा पडदा साठचा हाय. सेकंदाला साठच्या वर दाखवतच नाही त्यो.” म्हणजे सतरा चित्रं आतल्या आत वाया जात होती. अडचण मरत नाही, नुसती बिऱ्हाड बदलते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पुतण्या नव्या पडद्याच्या किमती बघायला लागला. वहीत तो बहुधा नवव्या भोकासाठी पडणार.

त्या रविवारी मी स्कूटर काढली. मामा जवळच्याच एका खेड्यात राहतात, ऐंशीच्या पुढे गेलेत. दारात बाजेवर बसले होते. मला बघून म्हणाले, “या सायेब.” मी बसलो आणि पावसापाण्याचं काहीच न बोलता एकदम सांगून टाकलं. की तेव्हा भट्टी लहान होती. तुम्ही ढिले नव्हता. मला नंतर कळलं होतं, आणि कळूनही मी बोललो नाही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता म्हणतील, ‘जाऊ द्या, झालं गेलं.’ त्या वाक्याची मी येताना रस्ताभर वाट बघत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“मला ठावं हुतं की,” मामा म्हणाले. “भट्टीम्होरं मीच हुतो न्हवं? तुमी आज सांगिटलं, बरं झालं. पर त्या वर्साला थोरलीचं लगीन हुतं. भट्टीवरचा जादाचा पगार बंद झाला, मग रान गहाण टाकलं. ते काय सुटलं न्हाई.”

आवाजात राग नव्हता. मालाचा जमाखर्च सांगावा तसं ते बोलले. मी पस्तीस वर्षं उशिराने एक वाक्य घेऊन गेलो होतो, आणि त्या वाक्याने सुटेल असं तिथं काहीच उरलं नव्हतं. पुतण्याच्या संगणकातली धूळ ब्रशने निघाली. माणसांच्या बाबतीत ज्याने धूळ टाकली त्यालाच ब्रश घेऊन जावं लागतं, आणि तो पोचेपर्यंत दुसऱ्याचं रान गेलेलं असतं.

मला उठवेना आणि बसवेना. आतून त्यांच्या नातसुनेने विचारलं, “आजोबा, चहा टाकू का?”

“टाक. सायबास्नी साखर कमी घाल,” मामा म्हणाले. मी साखर कमी घेतो हे त्यांच्या अजून लक्षात होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बसा. येळ लागंल जरा. चुलीवरचा हाय.”

मी म्हणालो, “लागू दे मामा.”

एवढं एक वाक्य मी १९८९ साली म्हणायला हवं होतं.